खिडकीखालचा अकरावा

मी एक जुना कंद आहे, मित्रांनो, आणि तरीही माझ्या अंगात एका वर्षाहून जुने असे काहीच नाही. दर वसंतात मी फुलतो. फुलता फुलता माझ्यातले पीठ संपते आणि त्याच वेळी माझ्या माथ्यावर एक नवा कंद भरत जातो. उन्हाळा लागेपर्यंत खालचा मी वाळून चपटी चकती झालेला असतो आणि वरचा स्वतःला 'मी' म्हणू लागतो. म्हणजे मी कायम माझ्याच मागच्या देहावर बसलेला असतो. आठवणी मात्र खालून वर येतात. त्या कशा येतात ते मला ठाऊक नाही. या हकिगतीत मला ठाऊक नसलेल्या आणखीही काही गोष्टी आहेत. त्या जशा घडल्या तशाच सांगेन.

मी केशराच्या भाऊबंदांपैकी. आमच्या बल्गेरियातल्या डोंगरगावात आम्हाला मिन्झुहार म्हणतात. बर्फ सुटू लागले की इतर सगळ्यांच्या आधी आम्ही वर येतो. फूल पांढरे, जांभळट झाक असलेले, आणि बाहेरच्या पाकळ्यांवर गडद रेघा, दौतीत काडी बुडवून ओढाव्यात तशा. कांदा कापला की पापुद्रे निघतात. ट्यूलिप आणि नर्गिस त्या जातीचे. मला कापलेत तर आत अळकुडीसारखा एकसंध गर दिसेल. शिवाय एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तुम्ही ज्याला आमच्या फुलाचा देठ म्हणता तो देठ नव्हेच, तो फुलाचाच लांब गळा असतो. बी धरणारे त्याचे पोट जमिनीखाली, माझ्या शेजारी असते. फूल वर उन्हात उघडलेले असते तेव्हाही त्याचा अर्धा जीव काळोखात असतो. गावातल्या म्हाताऱ्या म्हणतात, ही फुले दोन्हीकडची.

माझा जन्म वरच्या कुरणातला. पेन्को नावाचा मधपाळ उन्हाळ्यात त्याच्या माश्यांच्या पेट्या तिकडे नेई. त्याची बायको दोब्रा हिने एकदा, आमची पाने पिवळी पडल्यावर, जेवणाच्या सुरीने आम्हाला उकरले आणि एप्रनमध्ये घालून गावात आणले. पेन्कोच्या पेट्या हिवाळ्यात दफनभूमीच्या भिंतीला लागून असत, कारण ती जागा दुसऱ्या कुणाला नको होती. थंडी सरल्यावर माश्या पहिल्यांदा बाहेर पडतात तेव्हा त्यांना जवळच काही खायला हवे, म्हणून दोब्राने आम्हाला भिंतीच्या आत, घरच्या कबरीवर लावले. त्या कबरीत तेव्हा पेन्कोची आई होती.

"सासूबाईंना जिवंतपणी माझं काहीच आवडलं नाही," दोब्रा नवऱ्याला म्हणाली होती. "आता बोलता येत नाही, तर फुलं तरी बघू देत."

ती माझी कामाची वर्षे. माश्या येत आणि अंगभर पिवळा पराग लावून परत जात. दोब्रा उकिडवी बसून आमच्याशी बोले, नाहीतर भिंतीपलीकडे नवऱ्याशी बोले. आवाज सारखाच असे, त्यामुळे कोणते बोलणे कुणासाठी ते आम्हाला कळत नसे. आम्हाला चांगले म्हणणारे एवढे एकच माणूस होते, आणि ते पुरत होते.

मग एका शरद ऋतूत ती कबर पुन्हा उघडली. फावड्याने मला वर उडवले आणि संध्याकाळी मातीबरोबर परत आत ढकलले. आता माझ्याखाली दोब्रा होती.

आमची मुळे वर्षातून एकदा आखडतात आणि कंदाला थोडे थोडे खाली ओढतात, म्हणजे तो योग्य खोलीवर राहतो. त्यानंतरच्या काळात मी जरुरीपेक्षा जास्त खाली गेलो. माझी मुळेच आखडत होती, हे मी खात्रीने सांगतो. पण दोरी कोणत्या टोकाने ओढली जाते आहे ते दोरीला कळत नाही.

आमच्याकडे कुणी येईनासे झाले. पेन्कोचे हृदय बायको गेल्यापासून अधू झाले होते. त्याने पेट्या विकल्या आणि खिडकीपाशी खाट ओढून घेतली. त्याची मुलगी रुसाना शहरातल्या शिवणाच्या कारखान्यातली नोकरी सोडून बापाला बघायला घरी आली. चाळिशीची होती, आणि तिने आजवर एक मिरचीचे रोपसुद्धा लावलेले नव्हते. नखांत माती जाते म्हणून लहानपणी ती आईच्या वाऱ्याला उभी राहत नसे.

कबरीवर काँक्रीट ओतून घ्यायचे ठरले. तण उगवत नाही, म्हणून आमच्या गावात हल्ली सगळ्यांनाच ते हवे असते. उन्हाळ्यात मिन्चो नावाच्या गवंड्याने वरची माती खरवडून बाजूला ढीग केला. त्या ढिगात आम्ही होतो, तपकिरी टरफलांत झोपलेले. रुसाना त्याच्यासाठी दही-भाकरी घेऊन आली होती.

"हे काय, कांदे?" तिने विचारले.

"तुझ्या आईची फुलं," मिन्चो म्हणाला. "राहू दे तिथंच. इथून घरी फक्त आपले पाय न्यायचे, पोरी. तेही झटकून."

ते तिलाही माहीत होते. दफनभूमीतून फूल, पान, खडा, काहीही घरी न्यायचे नसते. नेले तर ज्याचे असते ते मागोमाग येते. पण मिन्चो सिमेंट कालवायला वळला आणि रुसाना ढिगाशी बसली. ज्या बोटांनी ती कापडाचा पोत बघत असे त्याच बोटांनी तिने आम्हाला एकेकाला दाबून पाहिले. मऊ लागले ते टाकले, फावड्याने चिरलेले टाकले. कडक आणि आकाराच्या मानाने जड असे रुमालात घेतले. शिकवल्याशिवाय तिने बरोबर निवडले. शेवटी रुमालात बाराजण झाले.

बारा म्हणजे सम. आमच्याकडे जिवंत माणसाला विषम फुले देतात. सम फुले मेलेल्याची. लग्नाला जाताना, दवाखान्यात जाताना, लहान मूलसुद्धा मोजून घेते. रुसानाने माझ्या कुशीला लागून असलेला एक कंद, माझ्याच अंगातून फुटून मोठा झालेला, मोडून वेगळा केला आणि ढिगावर परत टाकला. अकरा उरले. गाठ मारताना ती पुटपुटली, "ताते अजून आहे." वडिलांना ती ताते म्हणे.

मागे मिन्चोचे फावडे ढिगात शिरल्याचा आवाज आला.

उरलेला उन्हाळा आम्ही एका जुन्या मोज्यात, पेन्कोच्या मधपाळाच्या जाळीशेजारी, कोरड्या पडवीत लटकून काढला. याहून चांगली जागा कुणी जाणत्यानेही निवडली नसती. फूल त्याच दिवसांत आत तयार होत असते. माझ्या पोटात त्या वर्षी एकच कळी धरली. बाकी दहाजणांचेही तसेच होते.

थंडी सुरू व्हायच्या आधी रुसाना बाजारातून जाळीच्या पिशवीत ट्यूलिपचे कंद घेऊन आली. शेजारची स्तामेना कुंपणावर कोपर टेकून वाटच बघत होती. ती दोब्राच्या वयाची, विधवा, आणि गावातल्या प्रत्येक फाटकाची बातमी तिला असे.

"स्वस्त मिळाले, मावशी," रुसाना म्हणाली.

"मिळणारच. इकडे दे. हा बघ, आजारी माणसाच्या गालासारखा लागतोय. आणि या निळ्या बुरशीवाल्याला घरात कशाला आणलंस, सोयरीक जमवायला? हा घे, हा चांगला. बुडाशी दाबून बघायचं, आधी तिथं सडतं." मग तिची नजर मोज्याकडे गेली. "आणि हे?"

"हे जुने आहेत. घरचेच."

स्तामेनाने मला उचलले, वजन घेतले आणि परत ठेवले. "कंद जेवढा उंच त्याच्या तिप्पट खोल लावायचा," ती म्हणाली. "खाली मूठभर वाळू टाक, पाणी साचलं तर कुजतील. शेंडा वर, बूड खाली. आणि..." पण तिच्या चुलीवर घेवड्याचे सूप उतू चालले होते, ती धावली.

रुसानाने ट्यूलिप फाटकाजवळ लावले आणि आमच्यासाठी बापाच्या खिडकीखाली माती भुसभुशीत केली. पेन्को उशीला टेकून बघत होता.

"काय पुरतेस?"

"फुलं, ताते."

"माझ्याआधी त्यांचा नंबर लागला म्हणायचा."

तो असेच बोले. आमच्याकडे माणूस गेले की त्याचा फोटो छापलेला कागद फाटकावर लावतात. दोब्राचा कागद उन्हाने पिवळा पडून तिथेच होता. "तिच्या शेजारी जागा ठेव," पेन्को मुलीला सांगे, "चार खिळे पुरतील." शहरातल्या डॉक्टरने रुसानाला बाहेर बोलावून सांगितले होते की हृदय कमजोर आहे, पण एवढ्याने माणूस जात नाही, तो जेवत नाही, ते जास्त वाईट आहे. पेन्कोने मनात हिवाळ्याचाच हिशेब धरला होता. रुसानाला त्याला वसंतापर्यंत ओढायचे होते. आईची फुले त्याच्या खिडकीत आणायची आणि मग बघायचे, एवढीच तिची योजना होती. ती कुठून आणली ते तिने त्याला सांगितले नाही.

इतर दहाजणांची जुनी मुळे झडून गेली होती. माझ्या बुडाला मात्र वाळक्या मुळांचा झुपका तसाच होता, वर टोक काढलेला. रुसानाला तो शेंडा वाटला. तिने मला काळजीपूर्वक, वाळूवर, योग्य खोलीवर, डोक्यावर उभे केले आणि वरून माती लोटली.

वर कुठे आणि खाली कुठे ते आम्हाला कसे कळते, माहीत आहे? आमच्या काही पेशींत पिठाचे जड कण असतात. बरणीतल्या वाळूसारखे ते तळाशी बसतात. कण ज्या बाजूला बसले ती बाजू खालची. त्या हिवाळ्यात मी जागा झालो तेव्हा माझे कण माझ्या शेंड्यात येऊन बसले होते. माणसाने झोपेतून जागे व्हावे, आपण पालथे आहोत हे त्याला कळावे, आणि तोंडात माती लागावी, तसे ते होते.

अशा वेळी कोंब लगेच वळतो. मी लगेच वळलो नाही. खालून एक वास येत होता. प्रत्येक जागेच्या मातीला स्वतःचा वास असतो, आणि हा या अंगणाचा नव्हता. ज्या मातीत मी दोब्राच्या वर पडून होतो तिचा होता. माझ्या मुळांना ती माती चिकटून आली असेल, हे मला तेव्हाही सुचले होते. पण चिकटून आलेली माती अंगाला असते, खोल खाली नसते. मी तिकडे वाढत गेलो.

मग शेंड्याला काहीतरी लागले. दगड असता तर थंड लागला असता. हे थंड नव्हते. त्याने मला ढकलले नाही, फक्त पुढे वाट दिली नाही. लहान मूल चुकीच्या दारात शिरू लागले तर मोठे माणूस नुसता हात आडवा धरते, तसे. मी तिथून वळलो. माझे कितीतरी पीठ त्या वळणात खर्च झाले.

आणि वर दुसरेच काही चालले होते. जमिनीतून पावले ओळखता येतात. रुसानाचे पाऊल हलके आणि घाईचे, स्तामेनाचे लाकडी तळव्याचे, खटखट करणारे. पण रोज संध्याकाळी, रुसानाने दिवा लावला की, आमच्यावर काहीतरी येऊन उभे राही. त्याने माती दबत नसे. फक्त थंडी उतरे. एरवी थंडी सगळीकडून सारखी येते. ही दोन पावलांएवढ्या जागेतून सरळ खाली येई, पावलांची बोटे खिडकीकडे. दिवा विझला की ती जाई.

फेब्रुवारीत अंगणातले बर्फ वितळले, पण खिडकीखाली दोन लांबट तुकडे गोठलेलेच राहिले. तिथवर येणारा माग नव्हता, परत जाणाराही नव्हता. स्तामेना कुंपणातून बघत राहिली. तिने छातीवर क्रूस केला आणि त्या दिवशी ती एकही टोमणा न मारता घरात गेली. रुसानाने ते तुकडे खराट्याने फोडायला घेतले, तेव्हा वरून पेन्को म्हणाला, "राहू दे. तुझी आई बागेतून चिखलाच्या पायांनी कधी आत आली नाही. तिथं उभी राहूनच बोलायची, खिडकीतून."

"काय बोलायची?"

"विशेष काही नाही. जेवलास का, विचारायची."

मार्चच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. झाडावर पहिला बहर दिसला की तो सोडायचा आणि फांदीला बांधायचा. पेन्कोने हात पुढे केला. "बांध. पण सोडायला कुणीतरी लागेल, तेवढं लक्षात ठेव."

त्यानंतर पहिले खरे ऊन पडले आणि दुपारपर्यंत माझी भावंडे उघडली. मी अजून मातीत, वळणाच्या वर, धडपडत होतो. वरचे सगळे मला ऐकू येत होते, आणि जे दिसत नव्हते ते भावंडांनी मागाहून सांगितले.

रुसानाने खिडकी उघडून बापाच्या पाठीला उशा लावल्या. तो खिडकीकडे झुकला.

"या रेघा दोब्राच्या फुलांच्या," तो म्हणाला. "कुठून आणलीस?"

"कबरीवरून. मिन्चो काँक्रीट ओतणार होता, ताते. मेली असती सगळी."

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरे वाटले असते. तो मोजत होता. "दहा," तो म्हणाला, आणि मांडीवरचा सुपाचा वाडगा त्याने बाजूला सारला. "बरोबर आहे. दहाच असणार."

"मी अकरा लावले होते. शपथ घेते."

"लावणारी तू, पोरी. पाठवणारी ती." त्याचा चेहरा सैल झाला होता, खूप वेळ रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा नंबर पुकारल्यावर होतो तसा. त्याने तोंड भिंतीकडे केले.

रुसाना बाहेर आली. स्तामेना आधीच अंगणात उभी होती. तिनेही मोजले होते.

"कबरीवरचे घरात आणलेस? आणि मला म्हणालीस घरचे?"

"घरचेच आहेत. आईचे आहेत. एक खुडून टाकते, मावशी, नऊ होतील."

"नऊ मातीवर आणि एक तुझ्या हातात. दहाच की. कुणाला फसवतेस? सगळे उपट आणि ऊन आहे तोवर जिथले तिथं देऊन ये."

"आता फुलात असताना उपटले तर मरतील."

"मग कोण मरायला हवं ते तू ठरव," स्तामेना म्हणाली. ती दुष्टपणाने बोलली नव्हती. तिने पुन्हा छातीवर क्रूस केला.

रुसाना खुरपे घेऊन आली. ती गुडघ्यांवर बसली, नेमकी त्या दोन गोठलेल्या जागांवर, आणि गार लागले तरी हलली नाही. खुरपे तिने पहिल्या फुलाच्या मुळाशी लावले. मग थांबली. तिने आम्हाला दोन ओळींत लावले होते आणि कोपऱ्यातली एक जागा रिकामी दिसत होती.

"आधी तो अकरावा कुठं गेला ते बघते," ती म्हणाली.

खुरप्याने माती उचलली गेली. मला पहिला उजेड दिसला तो तिच्या बोटांच्या फटींतून. माझे बूड आभाळाकडे होते, आणि त्याच्याखालून एक पांढरा कोंब मासेमारीच्या गळासारखा वळून वर आला होता.

मग स्तामेना हसायला लागली. तिला हसू आवरेना, तिने कुंपणाचा खांब धरला. त्या अंगणात इतक्या दिवसांत कुणी हसलेले नव्हते.

आतून पेन्कोचा आवाज आला. "शेजारीणबाई, हसताय काय? इथं माणूस मरतोय."

"मर बाबा, पण आधी हे बघ. तुझ्या लेकीनं याला डोक्यावर उभा केलाय! मुळांची शेंडी वर. बिचारा पाताळाला वळसा घालून येतोय."

"आण इकडे."

रुसानाने मला तळहातावर घेऊन खिडकीशी धरले. पेन्कोची बोटे अजूनही मधपाळाची बोटे होती. पंख न दुखवता माशी उचलणारी. त्याने माझा कोंब उजेडासमोर धरला. पातळ आवरणाच्या आत कळी दिसत होती, रेघांसकट.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

"वर आलंय तेवढंच मोजायचं असतं, पेन्कोदादा," स्तामेना डोळे पुसत म्हणाली. तिचे हसू गेले होते. "दहा ते दहाच."

पेन्कोने माझ्याकडे बघत बघतच उत्तर दिले. "मी माझ्या पेटीचं दार शेवटची माशी आल्याशिवाय कधी लावलं नाही, स्तामेना. ज्याला उशीर झाला तो गेला असं धरत नसतात." त्याने मला रुसानाच्या हातात परत दिले. "लाव. या वेळी नीट लाव. हा वर येईपर्यंत मोजणी बंद. आणि ते सूप गार झालं असेल, तापवून आण."

मित्रांनो, त्या दिवसापासून एका माणसाचा जीव माझ्यावर टांगला गेला. पेन्को रोज जेवू लागला, पण कसा, तर आगगाडीची वाट बघणारा माणूस फलाटावर जेवतो तसा. एक डोळा माझ्या कोपऱ्याकडे. आणि मार्च म्हणजे आमच्याकडे लहरी म्हातारी. ती फिरली. पुन्हा बर्फ पडले, दहाही फुले मिटून आडवी झाली. मी मातीच्या वर नखभर आलो होतो, तिथेच अडकलो.

संध्याकाळची ती थंडी आता नेमकी माझ्यावर येऊन उभी राहू लागली. ती मला दाबत होती की माझ्यावरचे बर्फ थोपवत होती, ते मी सांगू शकत नाही. एवढेच सांगतो, की माझ्याभोवतीचे बर्फ गोठून दगड झाले आणि माझ्या कोंबावर मात्र एक कणही बसला नाही.

माझ्याजवळ थोडेच पीठ उरले होते. ते पुढच्या कंदासाठी, म्हणजे उद्याच्या माझ्यासाठी राखायचे असते. वळणात इतके गेल्यावर फुलासाठी काढायला काही नव्हते. मी ते राखलेले काढले.

मी वर आलो तेव्हा दहातले काही सुकायला लागले होते, पण सगळ्यांच्या माना अजून जागेवर होत्या. माझे फूल लहान होते आणि गळा वाकडा. दुपारी ऊन आले तसे ते उघडले.

रुसानाने बापाला खुर्चीवर बसवले, आणि स्तामेनाने एक बाजू धरली. शिव्या घालत, एकमेकींना 'तिकडून उचल' म्हणत, दोघींनी त्याला अंगणात आणले. शरदानंतर तो पहिल्यांदाच उंबरठ्याबाहेर आला होता. त्याने मोजले नाही. तो नुसता बघत बसला. मग त्याच्या विकलेल्या पेट्यांतली असेल किंवा रानातली, एक माशी आली, माझ्या फुलात डोके खाली घालून उतरली आणि पिवळी होऊन बाहेर आली.

"अकरा," पेन्को म्हणाला, जणू ते माशीनेच त्याला सांगितले होते. त्याने स्वतःच्या दातांनी मनगटाचा दोरा सोडला आणि रुसानाला दिला. "नाशपातीच्या फांदीला बांध. माझा हात पोचत नाही."

झाडावर अजून बहर नव्हता. पण कुणी हरकत घेतली नाही.

ते तिथेच असताना फाटकातून मिन्चो आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "पेन्कोदादा, काँक्रीट मी माझ्या हातानं ओतलंय. एक फट ठेवली नव्हती. तरी आज सकाळी लादी आणि कठड्याच्या मधून एक फूल आलंय. असंच, रेघांचं."

रुसानाने टाकलेला बारावा. फावड्याने तो परत आत गेला होता. हे मला कळले, तिलाही कळले. तिचे ओठ हलले.

स्तामेना मात्र मोठ्यानेच बोलली. "अकरा आणि एक बारा."

पेन्को हसला. "इथून मोजलं तर अकरा," तो म्हणाला. "तिथून मोजलं तर एक. दोन्ही विषम. सगळ्यांची बेरीज करायला अजून अवकाश आहे, शेजारीणबाई."

त्या संध्याकाळी दिवा लागला आणि मी थंडीची वाट पाहिली. ती आली नाही.

बेरीज पुढे झाली. पेन्को आणखी कितीतरी वसंत त्या खुर्चीवर बसला, आणि एकदा आमच्या बियांची बोंडे मातीतून वर यायच्या सुमारास गेला. रुसानाने मिन्चोकडून लादी फोडून घेतली. मिन्चोने पैसे घेतले नाहीत, फक्त कुरकुर केली. तोवर आम्ही पुष्कळ झालो होतो. सम संख्येने तिने कबरीवर लावले, विषम संख्येने इथे ठेवले. आता ती आम्हाला उचलताना बुडाकडे बघते, झुपका आधी झटकते, आणि स्तामेनाच्या नातसुनेला कुंपणावरून शिकवते. मीही पुन्हा भरलो. त्या खर्चाने जो खुजा मी तयार झाला होता, त्याला सावरायला बरीच वर्षे लागली.

मी अजून खिडकीखालीच आहे. हल्ली हिवाळ्याच्या संध्याकाळी, दिवा लागला की, माझ्यावर थंडी उतरते. चार पावलांएवढ्या जागेतून. बोटे खिडकीकडे. आत रुसाना एकटी जेवत असते.

मित्रांनो, तुम्ही कधी आमच्यासारखा कंद लावलात तर तो दाबून पाहा, कडक असेल तोच घ्या. मुळांची बाजू कोणती ते उजेडात नीट बघा, आणि कळलेच नाही तर आडवा ठेवा. आडवा कंद आपली वाट शोधतो. फूल गेल्यावर हिरवी पाने कापू नका, कारण त्या पानांतून पुढचा मी तयार होत असतो. आणि सगळे वर आले, एकच आला नाही, तर लगेच मोजू नका. खुरपे बाजूला ठेवा आणि थोडे थांबा. ज्याला उशीर होतो तो दरवेळी वाट चुकलेलाच असतो असे नाही. कधीकधी तो कुणाला तरी भेटून येत असतो.